कचऱ्याची फाईल

शालिग्राम सरांच्या तोंडात सुपारी होती, आणि ती दिसत नसली तरी सुमनबाईंना ऐकू येत होती. माणूस समोर नाही, त्याचा फोटोसुद्धा नाही, नुसता आवाज. पण हेडफोन कानाला लावला की त्या सुपारीचं या गालातून त्या गालात जाणं, मध्येच चुटकन लाळ आत ओढणं, आणि मग ते तुपात घोळून काढल्यासारखं "बेटा" म्हणणं, सगळं येऊन कानाच्या पाळीला चिकटत होतं. बाईंना शिसारी आली. एक मिनिट त्यांनी कसंबसं ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर उपडा टाकला. शेजारच्या तांब्यातलं घोटभर पाणी घेऊन खिडकीतून चूळ भरली. ऐकलेलं चूळ भरून जात नाही हे त्यांनाही कळत होतं, पण तोंडच तसं झालं होतं, त्याला काय करणार.

"किती मोठं आहे गं हे?" त्यांनी विचारलं.

"पावणेसात मिनिटं," दारात उभी असलेली कोकिळा म्हणाली. "काकू, मले ते पुन्हा ऐकायचं नाही. तुम्हीच काढून घ्या. माझ्या फोनमध्ये तं ठेवूच नका."

कोकिळा ही बाईंच्या मोठ्या दिरांची, चुडामणभाऊंची मुलगी. चुडामणभाऊ बहादरपुरात केळी लावतात. पोरगी कॉलेजसाठी बऱ्हाणपुरात काका-काकूंकडे राहायची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. केळीच्या बागेत वाढलेली, त्यामुळे आवाज हळू. इथल्या गल्लीत बोटभर पोरही ठणाणा बोलतं, कारण घरोघरी चालणाऱ्या कापडाच्या मागांच्या वर आवाज काढल्याशिवाय इथे पाणीसुद्धा मागता येत नाही. कोकिळेला ते दोन वर्षांत जमलं नव्हतं. जेवताना ती "बस" म्हणायची आणि काकू तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकून मोकळ्या व्हायच्या.

रसायनशास्त्राच्या या शालिग्राम सरांनी तिला प्रॅक्टिकलच्या नावाखाली तीनदा आपल्या खोलीत बोलावलं. तिसऱ्यांदा ती ॲप्रनच्या खिशात फोन चालू ठेवून गेली. मग तिने कॉलेजच्या तक्रार समितीकडे अर्ज केला. अर्जात साफ लिहिलं होतं, सरांनी हात धरला, रविवारी घरी कोणी नसतं तेव्हा ये म्हणाले, आणि मी त्यांना तीन वेळा नको म्हणाले. गुरुवारी सुनावणी होती. चुडामणभाऊंनी फोनवर एकच सांगितलं होतं: खरं ठरलं तं शिक, नाही ठरलं तं कपडे भर आणि घरी चल, मले गावात तोंड दाखवायचं आहे. म्हणजे पोरीचं शिक्षण आणि पोरीचा शब्द, दोन्ही त्या पावणेसात मिनिटांत अडकले होते.

"ये, इथे बस जराशी," बाई म्हणाल्या.

"नको काकू," ती म्हणाली आणि खाली गेली.

आता या सुमनबाईंचं सांगायला हवं. घरात खालच्या मजल्यावर नवऱ्याचे, मधुकररावांचे, सहा पॉवरलूम, आणि वर दहा बाय बाराच्या खोलीत बाईंचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. मागांच्या डोक्यावर स्टुडिओ काढणारी बाई उभ्या खानदेशात दुसरी नसेल. लोक हसले, मग गप्प बसले, मग हळूहळू भजनी मंडळं यायला लागली, इच्छादेवीच्या जत्रेच्या सूचना यायला लागल्या, निवडणुकीचा प्रचार यायला लागला. खटखट तर भिंतीतून, फरशीतून, माईकच्या दांड्यातून वर चढायची. पण बाई जळगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधर होत्या आणि पदवी गंजू द्यायची नाही असा त्यांचा हट्ट होता. रेकॉर्डिंगमधून माग काढून टाकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

काम असं चालायचं. संगणक आवाज अखंड हाताळत नाही. तो त्याचे बारीक तुकडे पाडतो, एकेका तुकड्याला खिडकी म्हणतात. एक खिडकी संपायच्या आधीच पुढची सुरू झालेली असते आणि प्रत्येकीच्या कडा विरत नेलेल्या असतात, म्हणजे परत जोडताना सांधा कळत नाही. प्रत्येक खिडकीत कोणता सूर किती जोराचा ते मोजायचं, मागाच्या नमुन्याशी जुळेल तेवढं दाबायचं, आणि खिडक्या पुन्हा एकात एक बसवून आवाज उभा करायचा. नुसता जोर जपून भागत नाही. त्या खिडकीत सुराची लाट नेमकी कुठे होती, चढावर की उतारावर, तेही सांभाळावं लागतं. त्याला फेज म्हणतात. ती बिघडली की माणूस लोखंडी पाइपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

प्रत्येक कामाच्या बाई तीन फाईली करायच्या. मूळ, साफ आणि कचरा. मुळातून साफ वजा केलं की जे उरतं तो कचरा. हा कचरा त्या कान देऊन ऐकायच्या, कारण गाणाऱ्याचा आवाज चुकून त्यात गेला तर तो तिथेच सापडतो. कचऱ्यात नुसती खटखट ऐकू आली की काम चोख झालं. मग मूळ पुसून टाकायचं, साफ गिऱ्हाइकाला द्यायचं, आणि कचरा एका फोल्डरमध्ये पडून राहायचा. मागाचे नमुने म्हणून कामाला यायचा, आणि दिवाळीच्या झाडलोटीत तोही जायचा.

त्या दिवशी बाईंनी यातलं सगळं केलं, एक सोडून. कचरा ऐकला नाही.

ऐकणार कसा? त्यात सरांच्या आवाजाचा तुकडा गेलेला असला तर तो पुन्हा कानात घ्यावा लागला असता. त्यांनी ठरवलं, डोळ्यांनी काम करू. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं, जोर तिथे उजळ, शांतता तिथे काळी. शालिग्राम सरांची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला, भिंतीला भिंत लावून मागांची शेड, त्यामुळे चित्रभर मागाच्या उभ्या पांढऱ्या रेघा होत्या. बाईंनी खिडकीच्या लांबीच्या चौकटीत नेहमीचा आकडा ठेवला, भजनाचा. भजनात सूर लांबवलेले असतात, खिडकी लांब ठेवली की ते गोल आणि गुळगुळीत निघतात. बटण दाबलं, रेघा गेल्या. सरांचं बोलणं उजळ निघालं आणि मधल्या जागा काळ्या कुळकुळीत झाल्या. बाईंनी आवाज दीडपट वाढवला, साफ फाईल कार्डावर टाकली, आणि मूळ फाईल फोनमधून, कार्डातून, संगणकातून, जिथे जिथे होती तिथून पुसली. ही घाण घरात एक क्षणही नको होती. नंतर त्यांनी हेडफोनच्या गाद्यासुद्धा डेटॉलच्या बोळ्याने पुसल्या.

गुरुवारी त्या कोकिळेबरोबर कॉलेजात गेल्या. समितीत तिघं. अध्यक्ष वंदना मॅडम, प्राणिशास्त्राच्या, नाकावर चष्मा आणि हातात सतत पेन, संस्थेचे भाईदासशेठ, आणि बाहेरून आलेल्या एक वकीलबाई. शालिग्राम सर भिंतीशी खुर्चीवर, पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, सुपारी आजही तोंडात. बाईंकडे बघून त्यांनी हात जोडले, "नमस्कार वहिनी." बाईंनी नमस्कार केला नाही, पदर मात्र उगाच सावरला, आणि तो सावरला म्हणून स्वतःचाच राग आला.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लागलं. खोलीभर सुपारी वाजली.

"रविवारी घरी ये बेटा. घरी कोणी नसतं, शांत असतं." मग शांतता. "प्रॅक्टिकलचे मार्क कोणाच्या हातात आहेत? माझ्या. मग?" शांतता. "हात किती गार आहे तुझा. दे इकडे. दे." शांतता, सगळ्यात लांब. त्या शांततेत चुटकन लाळ ओढल्याचा आवाज मात्र स्वच्छ आला. वकीलबाईंनी तोंड वाकडं केलं. सुमनबाईंना वाटलं, झालं, आता याला कोणी वाचवत नाही.

पण भाईदासशेठ म्हणाले, "आवाज एकदम क्लीअर आहे हो. मुलगी तं कुठंच काही बोलून नाही राहिली."

"तेच म्हणतो मी," शालिग्राम सर म्हणाले. "मुलीसारखी आहे ती मला. मी जरा मायेनं बोलतो, माझा स्वभावच तसा. ती शांतपणे ऐकत होती. एकदा जरी नको म्हणाली असती तर मी काय जबरदस्ती करणार होतो का, शेठ?"

"मी म्हणाले होते," कोकिळा म्हणाली. ती इतकं हळू म्हणाली की वंदना मॅडमना तिला पुन्हा विचारावं लागलं.

"अर्जात तीन वेळा लिहिलंय," मॅडम कागद बघत म्हणाल्या. "इथे एकदाही नाही. सुमनबाई, फाईल तुम्ही तयार केली. काय केलं नेमकं?"

"मागाचा आवाज काढला, मॅडम. बाकी कशाला हात लावला नाही."

"त्यात मुलीचा आवाज गेला असेल असं होऊ शकतं का?"

आणि इथे बाईंनी माती खाल्ली. पंधरा वर्षांचा धंदा, खालच्या सहा मागांच्या नाकावर टिच्चून कमावलेलं नाव, भिंतीवर टांगलेलं भजनी मंडळाचं मानपत्र, सगळं एकदम जिभेवर आलं. "माझ्या कामात आवाज जात नाही," त्या ताठ मानेने म्हणाल्या. "सुई पडली तरी राहते."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांच्या अक्षरात पुढची ओळही बाईंना उलटी वाचता आली: विद्यार्थिनी संपूर्ण संभाषणात काहीही बोलल्याचे आढळत नाही. समितीने सोमवारी निर्णय देऊ म्हणून सांगितलं. शालिग्राम सरांनी जाताना दारात थांबून बाईंना वाट दिली आणि म्हणाले, "काम मात्र फार सुंदर करता तुम्ही." त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास होता.

रिक्षात दोघी शेजारी बसल्या.

"काकू, मी खरंच म्हणाले होते."

"हो गं," बाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, स्वतःला आवरता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या बोलल्याच: "पण जरा मोठ्यानं म्हणायचं ना. कधी कधी आपल्याला वाटतं आपण बोललो, आणि ते मनातच राहिलेलं असतं. भीतीनं होतं असं."

कोकिळा त्यांच्याकडे वळली. रडली नाही, चिडली नाही. "मतलब तुम्हालेही खोटंच वाटून राहिलं," एवढंच म्हणाली, आणि रिक्षातून बाहेर बघत बसली.

घरी आल्यावर तिने बापाला स्वतःच फोन लावला. या, म्हणाली, मी कपडे भरून ठेवते. चुडामणभाऊ म्हणाले, चार वाजेपर्यंत येतो. तेव्हा दोन वाजले होते. कोकिळा खालच्या खोलीत पुस्तकं एका पोत्यात भरायला लागली, बॅगेत नाही, पोत्यात, जणू त्यांचं आता काही काम उरलं नव्हतं. बाई वर येऊन खुर्चीत बसल्या. जेवण गेलं नाही. स्वतःचा इतका तिटकारा त्यांना कधी आला नव्हता, आणि नेमकं काय चुकलं ते अजून कळत नव्हतं, नुसतं काहीतरी कुजलंय एवढाच वास येत होता. बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की सुई पडली तरी राहते म्हणून सांगून आलो, पण सुई पाहिली होती कुठे? त्या फाईलचा कचरा त्यांनी ऐकलाच नव्हता.

दिवाळीला अजून आठ महिने होते. फोल्डर उघडलं. फाईल होती.

त्यांनी हेडफोन चढवला. कचऱ्यात खटखट, नुसती खटखट. पहिली दोन मिनिटं ऐकून त्यांचा जीव जरा भांड्यात पडला, आणि लगेच बरं वाटलं म्हणून लाज वाटली. तिसऱ्या मिनिटाला मागाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी सरकलं. उंदीर धावून जावा एवढंच. त्यांनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. माग नव्हता तो.

आता बाईंचं डोकं चालायला लागलं. मूळ पुसलं असलं म्हणून काय झालं; मुळातून साफ वजा करून कचरा निघाला, तर साफ आणि कचरा मिळवला की मूळ परत यायलाच हवं, जसंच्या तसं. त्यांनी दोन्ही फाईली एकमेकींवर ठेवून वाजवल्या. आवाज आला तो पाइपातला. पोकळ, दुहेरी, प्रत्येक ठोक्यामागे दुसरा ठोका. कार्डावर टाकताना आवाज दीडपट वाढवला होता, तो आधी मूळ मापावर आणला. तरी पोकळच. मग त्यांच्या ध्यानात आलं की साफ फाईल अर्ध्या खिडकीएवढी पुढे सरकलेली आहे. वजाबाकी झाल्यावर साफ फाईल बाहेर काढताना ती सरकवायची, ही त्यांच्या प्रोग्रॅमची खोड होती, भजनात ती कोणाला कळत नसे. कचऱ्याची लाट चढावर असते तिथे साफ फाईलची लाट उतारावर, दोघी एकमेकींना खाताहेत. त्यांनी फाईल केसाकेसाने मागे ओढली. खाली चुडामणभाऊंची मोटारसायकल थांबल्याचं त्यांना कळलंच नाही. एका जागी आल्यावर दुहेरी ठोका एकदम एक झाला. खट. कॉलेजमागची शेड, सरांची खोली, पंख्याची करकर, सगळं उभं राहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत मागाची लय एका ठिकाणीही तुटत नव्हती.

मग त्यांनी खिडकीच्या चौकटीतला भजनाचा आकडा खोडला आणि त्याच्या आठव्या हिश्शाएवढा घातला. लांब खिडकीत ठोका आणि ठोक्याच्या मधली फट एकाच तुकड्यात येते, आणि फटीत कोणी हळू बोललं असेल तर संगणक त्यालाही मागाच्याच खात्यात टाकून दाबतो. आखूड खिडकीत फट वेगळी पडते. भजन म्हणणारी बाई आ करून सूर लावते. घाबरलेली पोरगी दोन ठोक्यांच्या मध्ये मिळेल तेवढ्या जागेत बोलते. एवढी साधी गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधर बाईंना सुचली नव्हती.

त्यांनी बटण दाबलं.

"रविवारी घरी ये बेटा. घरी कोणी नसतं, शांत असतं."

"नको सर."

"प्रॅक्टिकलचे मार्क कोणाच्या हातात आहेत? माझ्या. मग?"

"नको ना सर. मले जाऊ द्या."

"हात किती गार आहे तुझा. दे इकडे. दे."

"नको. सर, नको. माझी काकू वाट पाहून राहिली घरी."

बाईंनी हेडफोन काढला नाही. त्या दिवशी त्या खरंच वाट पाहत होत्या, पोहे केले होते, गार झाले म्हणून पोरीवर खेकसल्याही होत्या. त्या मेल्याच्या खोलीत पोरीने ज्या एका माणसाचं नाव ढालीसारखं पुढे धरलं होतं, त्याच माणसाने ते नाव तिच्या तोंडातून पुसून काढलं होतं. सुपारी जपून ठेवली होती. लाळ जपून ठेवली होती, दीडपट वाढवून. आणि पोरीचं नको कचऱ्यात. एवढी शिसारी त्यांना शालिग्राम सरांचीही आली नव्हती. त्या मोरीत गेल्या आणि पोटात काही नव्हतं तरी ओकल्या.

खाली आल्या तेव्हा चुडामणभाऊ पोतं मोटारसायकलला बांधत होते. कोकिळा बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. बाई सरळ घरच्या मागांकडे गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. सहाही माग धापा टाकत थांबले. मधुकरराव धावत आले, "काय झालं, लाईट गेली का?" त्यांना तसंही कमी ऐकू यायचं, मागांनीच कान खाल्ले होते.

"लाईट नाही गेली. मी बंद केले. भाऊजी, ते पोतं सोडा आणि वर चला. कोकिळे, तू पण."

"मले नाही ऐकायचं, काकू."

"तुझं ऐकायचं आहे. त्याचं नाही."

चुडामणभाऊ स्टुडिओत कधी चढले नव्हते. चप्पल बाहेर काढून ते खुर्चीच्या टोकावर बसले. बाईंनी स्पीकर लावला. पहिल्या नकोला भाऊंनी मान वर केली. तिसऱ्याला त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि तोंडाला लावला. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "सोमवारी मी येतो तुह्यासोबत." पोतं त्यांनी स्वतःच उचलून परत आत नेलं.

बाईंनी कोकिळेचा हात धरला. हात गार होता. "रिक्षात मी जे बोलले," त्या म्हणाल्या, "ते मी बोलायला नको होतं. मी तुझं ऐकलं नाही. तिथेही नाही ऐकलं आणि इथेही नाही."

"तुम्ही कधीच ऐकत नाही काकू," कोकिळा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि आज तो नीट ऐकू आला. "पोळीच्या वेळेलेही नाही."

सोमवारी समितीपुढे बाईंनी आधी एक कागद ठेवला. स्वतःच्या हाताने लिहिलेला, खाली स्टुडिओचा शिक्का. गुरुवारी मी सांगितलं की माझ्या कामात आवाज जात नाही. ते खोटं आहे. माझ्या कामात या मुलीचा आवाज गेला, कारण मी चुकीची खिडकी लावली आणि नंतर जे तपासायचं ते किळस आली म्हणून तपासलं नाही. भाईदासशेठ म्हणाले, बाई, उद्या हे गावभर झालं तर भजनी मंडळं यायची बंद होतील. बाई म्हणाल्या, होऊ द्या.

मग त्यांनी पेनड्राइव्ह लावला. यावेळी साफ केलेलं काही नव्हतं. साफ आणि कचरा जोडून उभं केलेलं मूळ होतं, सगळ्या मागांसकट. खोलीभर खटखट सुरू झाली, आणि भिंतीपलीकडच्या शेडची खरी खटखट तिच्यात मिसळली.

"हे जुळवलेलं आहे," शालिग्राम सर म्हणाले. सुपारी थांबली होती. "घरच्या बाईनं घरी बसून बनवलेलं."

"दोन्ही फाईलींवर मी साफ केलं त्या दिवसाची, सुनावणीच्या आधीची तारीख आहे," बाई म्हणाल्या. "भोपाळच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवा, अजून कुठे पाठवायचं तिथे पाठवा. मधूनच काही कापलं किंवा घुसवलं असतं तर मागाचा ठोका तिथे चुकला असता. पावणेसात मिनिटांत एक ठोका चुकलेला दाखवा."

वकीलबाई टेबलावर बोटाने ताल धरून ऐकायला लागल्या. पहिलं वाक्य आलं. त्यानंतर ठोके. वंदना मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या.

"फार गोंगाट आहे हो," त्या म्हणाल्या. "थोडं साफ करून नाही का मिळणार?"

"साफ केलेलं तुम्ही गुरुवारी ऐकलं, मॅडम. आता हे ऐका. ती हळू बोलते, जवळ यावं लागेल."

मॅडमनी चष्मा काढला आणि खुर्ची पुढे ओढून कान स्पीकरजवळ नेला. वकीलबाईही वाकल्या. भाईदासशेठ इकडेतिकडे बघत होते, शेवटी तेही वाकले. बाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. तीन मोठी माणसं एका लॅपटॉपवर डोकी टेकवून मागाच्या फटीत एका पोरीचं बोलणं शोधत होती. चुडामणभाऊ दाराशी उभे होते. शालिग्राम सर पाणी प्यायला उठले तर त्यांनी दारातून अंग हलवलं नाही.

पहिलं नको वंदना मॅडमना सापडलं. त्यांनी मान न उचलता बोट वर केलं. दुसऱ्याला वकीलबाईंनी. तिसऱ्याला कोणी बोट वर केलं नाही, कारण ते वाक्य लांब होतं आणि तिघांनाही पुरतं ऐकू आलं. मॅडम सावकाश सरळ झाल्या. त्यांनी एकदा सुमनबाईंकडे पाहिलं आणि मग गुरुवारचा कागद काढून त्यातल्या त्या ओळीवर पेनाने एक आडवी रेघ मारली.

"बाळ," त्या कोकिळेला म्हणाल्या, "तू काय म्हणालीस ते इथे तुझ्या शब्दांत सांग. मी लिहून घेते."

कोकिळा नेहमीच्या आवाजात सांगायला लागली. कोणीही तिला मोठ्याने बोल म्हटलं नाही.